आधी रस्ता, मग अभ्यास

१६ जुलै २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने मुंबई महापालिकेच्या किनारी रस्त्याला मिळालेली किनारी नियमनाची परवानगी रद्द केली. मुख्य न्यायमूर्ती प्रदीप नंद्राजोग आणि न्यायमूर्ती नितीन जामदार यांच्या खंडपीठाचे निकालपत्र दोनशेहून अधिक पानांचे होते. प्रिन्सेस स्ट्रीटच्या उड्डाणपुलापासून वांद्रे-वरळी सागरी सेतूच्या वरळीकडील टोकापर्यंतचा हा आठ पदरी रस्ता सुमारे दहा किलोमीटरचा. त्यासाठी समुद्रात भराव घालणे तोवर सुरू झाले होते. त्या भरावाने किनाऱ्याचे, खडकांचे, माशांचे आणि माणसांचे काय होईल, याचा कायद्याने मागितलेला अभ्यास झालेला नाही, असे न्यायालयाने ठरवले. पाच महिन्यांनी सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. आज त्या रस्त्यावरून गाड्या धावतात.

रस्ता हवा की नको, हा वाद येथे पुन्हा उकरायचा नाही. मुंबईत रोज दोन-दोन तास गाडीत अडकणाऱ्या माणसाची गरज खरी आहे. पण शहरातून मोठा रस्ता कोठून न्यायचा, कोणत्या पद्धतीने न्यायचा आणि त्याची किंमत कोण मोजणार, हे ठरवण्याची एक रीत असते. आधी सगळे पर्याय मांडायचे, प्रत्येकाचे परिणाम तपासायचे, ज्यांच्या जगण्यावर ते होणार त्यांना विचारायचे आणि मग निवड करायची. मुंबईच्या किनाऱ्यावर ही रीत उलटी झाली. ती कशी झाली, हे क्रमाने पाहायला हवे.

समुद्र हटवण्याची सवय

मुंबईला भरावाचे नवल नाही. सात बेटे जोडून हे शहर झाले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधून आत शिरणारे भरतीचे पाणी हॉर्नबी वेलार्डच्या बांधाने अडवले गेले. १८६०च्या दशकात कापसाच्या भरभराटीत बॅकबे भरून काढण्याच्या कंपन्या निघाल्या आणि १८६५च्या मंदीत बुडाल्या. पहिल्या महायुद्धानंतर गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात सरकारने स्वतःच बॅकबेचे काम हाती घेतले. योजना आठ भागांची होती. समुद्राच्या तळातून किती गाळ मिळेल, याचा अंदाज चुकला. ओतलेला गाळ भिंतीतून परत समुद्रात जाऊ लागला. खर्च फुगत गेला आणि आठांपैकी चारच भाग पुरे झाले. या कारभाराविरुद्ध खुर्शेद फ्रामजी नरिमन यांनी विधिमंडळात आणि वर्तमानपत्रांत आवाज उठवला. सरकारी अभियंता हार्वे यांनी त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि १९२८ साली नरिमन त्यातून निर्दोष सुटले. दक्षिण मुंबईतला नरिमन पॉइंट त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पुढे त्याच भरावाच्या काठाने मरीन ड्राइव्ह उभा राहिला.

लोकांच्या आठवणीत मरीन ड्राइव्हचे सौंदर्य राहिले. चुकलेला अंदाज आणि बुडालेला पैसा विसरला गेला. त्यामुळे समुद्र हटवता येतो आणि हटवलेल्या जागी शहर सुंदरच होते, हा विश्वास पक्का झाला.

कागदावरची रेघ

पश्चिम किनाऱ्याने उत्तर-दक्षिण जलद रस्ता न्यावा, ही कल्पना १९६२ सालची. विल्बर स्मिथ या अमेरिकी सल्लागार कंपनीने मुंबईच्या वाहतुकीचा अभ्यास करताना ती मांडली. अमेरिकेतील शहरांमधून तेव्हा मोठमोठे मोटाररस्ते काढले जात होते. त्याच विचाराचा तो अहवाल होता. वांद्रे-वरळी सागरी सेतू हा त्या कल्पनेचा पहिला मोठा तुकडा. तो ३० जून २००९ रोजी खुला झाला. त्याच्या पुढचा, वरळी ते हाजीअली हा पूलही समुद्रातूनच न्यायचे ठरले होते.

जून २०११मध्ये मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या सरकारने महापालिका आयुक्त सुबोध कुमार यांच्या अध्यक्षतेखाली एक संयुक्त तांत्रिक समिती नेमली. डिसेंबरअखेर तिचा अहवाल आला. सागरी पुलांऐवजी भरावावरचा रस्ता, काही ठिकाणी पूल आणि बोगदे, अशी नरिमन पॉइंटपासून कांदिवलीपर्यंत सुमारे ३५ किलोमीटरची आखणी तिने सुचवली. भराव पुलापेक्षा स्वस्त पडतो आणि मोकळी जागाही मिळते, हा तिचा मुख्य मुद्दा होता.

या कहाणीचे खरे वळण इथे आहे. खांबांवरचा पूल, भराव, बोगदा, किंवा त्याच पैशात रेल्वे आणि बस सुधारणे, हे सगळे पर्याय एका पानावर मांडून त्यांचे परिणाम तोलायचे, तर ते २०११मध्येच तोलायला हवे होते. मात्र तेव्हा तोलला गेला तो प्रामुख्याने खर्च. पुढच्या प्रत्येक टप्प्यावर भराव गृहीत धरला गेला आणि प्रश्न एवढाच उरला की त्याला परवानगी कशी मिळेल.

परवानगीत अडचण होती. ६ जानेवारी २०११च्या किनारी नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेनुसार समुद्रात भराव घालून रस्ता करता येत नव्हता. खांबांवरचा रस्ता चालत होता. ३० डिसेंबर २०१५ रोजी केंद्र सरकारने ही अधिसूचना बदलली आणि अपवादात्मक प्रसंगी भरावावरच्या रस्त्याला वाट मोकळी केली. नियमाला धरून रस्ता बदलला नाही. रस्त्यासाठी नियम बदलला. ४ जानेवारी २०१७ रोजी महाराष्ट्र किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाने शिफारस केली आणि ११ मे २०१७ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने दक्षिण टप्प्याला मंजुरी दिली. २०१८च्या ऑक्टोबरात काम सुरू झाले.

खडपावरचे जग

ज्या किनाऱ्यावर दगड आणि माती पडू लागली, तो वरवर पाहणाऱ्याला ओसाड वाटतो. ओहोटीला काळे खडक उघडे पडतात, त्यांत पाणी साचते, वर शेवाळ असते. या खडकाळ किनाऱ्याला कोळी खडप म्हणतात आणि त्यांच्या लेखी ते शेतासारखे आहे. ओहोटीच्या वेळा पाहून बाया कालवं काढतात. चिंबोरी आणि शेवंड या कपारींतच मिळतात. मोठ्या बोटीचा आणि डिझेलचा खर्च न परवडणारा छोटा मच्छीमार जवळच्या उथळ पाण्यात जाळे टाकून दिवस काढतो. अनेक मासे अंडी घालायला आणि पिल्ले वाढवायला याच उथळ पाण्याचा आसरा घेतात. त्यामुळे खडप बुजले की केवळ तेवढ्या जागेतली मासळी जात नाही. पुढच्या खोल पाण्यातली आवकही हळूहळू घटते.

वरळी कोळीवाड्याने हे पहिल्यापासून सांगितले. वरळी कोळीवाडा नाखवा मत्स्य व्यवसाय सहकारी सोसायटी न्यायालयात गेली. कॉन्झर्व्हेशन ॲक्शन ट्रस्ट, वनशक्ती आणि इतर नागरिकांच्याही याचिका होत्या. याच सुमारास ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या गटाचे तरुण ओहोटीला किनाऱ्याने फिरून तिथल्या जीवांच्या नोंदी करत होते आणि लोकांना ते जग दाखवत होते. हाजीअली आणि वरळीच्या खडकांवर जिवंत प्रवाळ आहेत, हे त्यामुळे शहराला कळले. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळ येतात. म्हणजे वाघाइतकेच कायदेशीर संरक्षण त्यांना आहे. वाघाच्या जंगलातून रस्ता काढताना जी परवानगी लागते, ती प्रवाळांच्या खडकावर भराव घालताना मागितली गेली नव्हती.

माहितीच नव्हती, असे म्हणता येणार नाही. ती कोळीवाड्यात होती, किनाऱ्यावर वाकून पाहणाऱ्या अभ्यासकांकडे होती. कोणत्या कागदावर ती मागवायची आणि कोणत्या बैठकीत ती ऐकायची, एवढेच ठरलेले नव्हते.

न्यायालयातला प्रश्न

भारतात पर्यावरणीय परिणामांचा अभ्यास १९९४च्या अधिसूचनेने सक्तीचा झाला आणि १४ सप्टेंबर २००६च्या अधिसूचनेने त्याची आजची चौकट ठरली. छाननी, अभ्यासाची व्याप्ती ठरवणे, लोकांशी सल्लामसलत आणि शेवटी तज्ज्ञ समितीचे मूल्यमापन, असे तिचे चार टप्पे. कोणत्या प्रकल्पाला हे सारे लागू होते, याची यादी तिला जोडलेली आहे. त्यातल्या महामार्गांच्या नोंदीत राष्ट्रीय आणि राज्य महामार्ग येतात. महापालिकेचा शहरी रस्ता येत नाही. त्यामुळे आठ पदरांचा, समुद्र भरून केलेला रस्ता असला तरी त्याला या अधिसूचनेखाली वेगळी मंजुरी लागत नाही. किनारी नियमनाची मंजुरी पुरेशी आहे, अशी महापालिकेची भूमिका होती.

उच्च न्यायालयाने ती मान्य केली नाही. रस्ता, वाहनतळ, उद्याने, समुद्रभिंत आणि भरावाचे प्रचंड क्षेत्र पाहता हा मोठा क्षेत्रविकास प्रकल्प आहे, म्हणून त्याच अधिसूचनेतल्या दुसऱ्या नोंदीखाली पूर्ण अभ्यास आणि मंजुरी हवी, असे न्यायालयाने म्हटले. निर्णय घेताना शास्त्रीय अभ्यासात गंभीर उणिवा राहिल्या आणि वन्यजीव कायद्याखालील परवानगीही आवश्यक आहे, असेही ठरवले.

या निकालात एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. ज्या नोंदीखाली न्यायालयाने प्रकल्प आणला, त्या इमारत आणि क्षेत्रविकास प्रकल्पांना २००६ची अधिसूचना जनसुनावणीतून सूट देते. म्हणजे तो निकाल जसाच्या तसा अमलात आला असता, तरी कोळ्यांना समोर बसवून त्यांचे ऐकण्याची सक्ती झाली नसती. शहरातून जाणाऱ्या मोठ्या रस्त्याला आपल्या कायद्यात स्वतःची जागाच नाही, हे या खटल्याने उघड केले.

१७ डिसेंबर २०१९ रोजी सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने उच्च न्यायालयाच्या निकालाला स्थगिती दिली. रस्त्याचे काम चालू ठेवा, पण भरावावर रस्त्याखेरीज दुसरा विकास करू नका, अशी अट घातली. सप्टेंबर २०२२मध्ये उद्याने, सायकलमार्ग अशा लोकोपयोगी कामांना मुभा मिळाली. निवासी आणि व्यापारी बांधकामाला मात्र बंदीच राहिली. ही अट मोलाची आहे. भरावाची जमीन पुढे कोणाच्या तरी हाती जाईल, ही मुंबईची जुनी भीती तिने काही प्रमाणात रोखली.

उशिरा ऐकण्याची किंमत

पुढे जे घडले, त्यातच अभ्यास आधी का हवा याचे उत्तर आहे.

वन्यजीव विभागाची परवानगी नंतर घेतली गेली. नोव्हेंबर २०२०मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली प्रवाळांच्या १८ वसाहती उचलून दुसऱ्या खडकांवर नेल्या गेल्या. काही कुलाब्याच्या नेव्हीनगर परिसरात गेल्या. शास्त्रज्ञांनी हे काम काळजीने केले. पण अख्खी परिसंस्था उचलून नेता येत नाही. खडपावरचे शेवाळ, कालवं, कपारीतले खेकडे, ओहोटीच्या डबक्यांतली पिल्ले यांच्यासाठी स्थलांतराची योजना नसते.

भरावाचे क्षेत्र सुरुवातीला ९० हेक्टर होते. समुद्रभिंत रुंद करावी लागल्याने ते १११ हेक्टरवर गेले. समुद्राची पातळी आणि लाटांचा जोर आधीच पुरता तपासला असता, तर हा वाढीव भराव प्रस्तावातच दिसला असता आणि पर्यायांच्या तुलनेत धरता आला असता.

सर्वांत मोठा धडा मिळाला वरळीच्या क्लीव्हलँड बंदरापाशी. किनारी रस्ता सागरी सेतूला जोडणारा पूल कोळ्यांच्या बोटींच्या वाटेवरून जाणार होता. आराखड्यात तिथल्या दोन खांबांमधले अंतर ६० मीटर ठेवले होते. वारा आणि लाट असताना, शेजारून दुसरी बोट येत असताना एवढ्या फटीतून बोट सुखरूप काढता येत नाही, असे कोळी सांगत होते. त्यांनी आधी २०० आणि मग १६० मीटर अंतर मागितले. बैठका झाल्या, काम अडवले गेले, पुन्हा चर्चा झाली. डिसेंबर २०२२ ते जानेवारी २०२३च्या सुमारास एक खांब वगळून अंतर १२० मीटर करायचे ठरले. त्यासाठी पुलाचा नकाशा बदलला. मग १३६ आणि १४३ मीटर लांबीच्या, प्रत्येकी दोन हजार टन किंवा त्याहून जड लोखंडी कमानी तराफ्यांवरून भर समुद्रात आणून, भरती-ओहोटीची वेळ साधून २०२४च्या एप्रिल आणि मेमध्ये बसवाव्या लागल्या. अभियंत्यांनी ते काम निगुतीने पार पाडले.

तराफ्यावरून आणलेल्या त्या कमानी म्हणजे उशिरा ऐकलेल्या सल्ल्याची मोजलेली किंमत आहे. बोटींच्या वाटेची रुंदी नाखव्यांना २०११मध्येही ठाऊक होती. आखणीच्या पहिल्या दिवशी ती विचारली असती, तर खांब तिथे आलाच नसता.

११ मार्च २०२४ रोजी रस्त्याची एक बाजू वरळी ते मरीन ड्राइव्ह खुली झाली, पुढच्या महिन्यांत टप्प्याटप्प्याने उरलेली बाजू आली. रस्त्याला छत्रपती संभाजी महाराजांचे नाव दिले गेले. मलबार हिलखालून दोन किलोमीटरहून लांब जुळे बोगदे गेले आहेत. ज्या यंत्राने ते खणले, त्याचे नाव ‘मावळा’ आणि व्यास १२ मीटरहून अधिक. बोगद्याचा हा पर्याय मलबार हिलच्या पायथ्याशी जमला. हाजीअलीच्या आणि वरळीच्या खडपांसाठी तो किती जमला असता, हे २०११मध्ये समोरासमोर तोलले गेले नाही.

दुसरीकडे काय झाले

शहरातून रस्ता नेताना आधी पर्याय तपासा, हा आग्रह जगात जनआंदोलनांतून आला. अमेरिकेतील मेम्फिस शहरात ओव्हर्टन पार्क या जुन्या बागेतून आंतरराज्य महामार्ग न्यायचे ठरले होते. तिथल्या नागरिकांनी वाद नेला आणि मार्च १९७१मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सार्वजनिक बाग घ्यायची, तर दुसरा व्यवहार्य मार्ग नाही हे आधी दाखवावे लागेल. बाग वाचली, पुढे तो मार्ग सोडून महामार्ग शहराला वळसा घालून गेला. त्याआधी वर्षभर, १ जानेवारी १९७० रोजी, अमेरिकेत राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायदा झाला होता. आपली आजची पर्यावरण मूल्यांकनाची पद्धत त्याच परंपरेतली आहे.

आपल्याकडेही उदाहरण आहे. नागपूरजवळ पेंच व्याघ्र प्रकल्पातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग रुंद करताना न्यायालयीन लढाई झाली. भारतीय वन्यजीव संस्थेने प्राण्यांच्या वाटा शोधल्या आणि त्या ठिकाणी रस्ता उचलून खाली जागा ठेवली गेली. अशा नऊ रचना महाराष्ट्राच्या बाजूला आहेत. काही ७५० मीटरपर्यंत लांब. २०१९मध्ये लावलेल्या कॅमेऱ्यांत १८ प्रजातींचे प्राणी त्याखालून जाताना टिपले गेले, त्यांत वाघही होते. इथे प्राणी कोठून ओलांडतात हे विचारून मग खांब रोवले गेले. वरळीत बोटी कोठून जातात, हे विचारायला दहा वर्षांहून अधिक लागली.

केमपर्यंत येणारा प्रश्न

मुंबईची ही गोष्ट सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यात, केममध्ये बसून वाचणाऱ्याला दूरची वाटेल. कुंकवासाठी नाव असलेले, पुणे-सोलापूर लोहमार्गावरचे हे गाव. समुद्र इथून शेकडो किलोमीटर. पण रेघ नकाशावर आधी आणि जमिनीवरची चौकशी नंतर, याचा अनुभव या तालुक्याला आहे. १९७९ साली माळढोक अभयारण्याची सीमा ८ हजार ४९६ चौरस किलोमीटर एवढी आखली गेली. करमाळ्यासह सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांतली शेते, गावे, बाजारपेठा तिच्यात आल्या. लोक जमिनीच्या व्यवहारांत अडकले, पुढे न्यायालयाच्या संमतीने ते क्षेत्र सुमारे १ हजार २२२ चौरस किलोमीटरवर आले. तोवर त्या अभयारण्यातल्या नान्नजच्या माळावरचा माळढोक जवळजवळ संपला होता. नीट न तपासता आखलेल्या रेघेने माणसाचेही भले केले नाही आणि पक्ष्याचेही.

आता सोलापूर जिल्ह्यातून पालखी मार्गांचे रुंदीकरण झाले आहे. सुरत-चेन्नई महामार्ग बार्शी आणि अक्कलकोटकडून नेण्याची योजना आहे. २२ ऑगस्ट २०१३च्या बदलानंतर राष्ट्रीय महामार्गाच्या रुंदीकरणाला पर्यावरणीय मंजुरी तेव्हाच लागते, जेव्हा लांबी १०० किलोमीटरहून जास्त असते आणि जास्तीची जमीन सध्याच्या मार्गावर ४० मीटरहून, वळणमार्गावर ६० मीटरहून रुंद असते. लांब रस्त्याचे तुकडे करून प्रत्येक तुकडा या मर्यादेखाली ठेवता येतो. असे तुकडे पाडून मूल्यांकन टाळता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९ जानेवारी २०२१ रोजी तमिळनाडूतल्या एका महामार्गाच्या प्रकरणात सांगितले. ते प्रत्येक जिल्ह्यात पाळले जाते का, हे पाहणे ग्रामसभांचे आणि नगरपालिकांचे काम आहे.

मुंबईच्या किनारी रस्त्याचा उत्तरेकडील टप्पा वर्सोव्यापासून भाईंदरकडे जाणार आहे आणि त्यात ४५ हजारांहून अधिक तिवरे बाधित होणार, हे महापालिकेच्याच प्रस्तावात आहे. दक्षिणेच्या टप्प्यात जे उशिरा कळले, ते या वेळी आधी विचारण्याची संधी अजून आहे. त्यासाठी तीन गोष्टी पुरेशा आहेत. शहरी द्रुतगती रस्त्याला अधिसूचनेत स्वतंत्र नोंद हवी. पर्यायांची तुलना आखणीच्या आधी, लोकांच्या भाषेत छापून लोकांसमोर हवी. आणि कोळी, शेतकरी, गुराखी यांनी सांगितलेली माहिती अभियंत्याच्या मोजणीइतकीच पुरावा म्हणून नोंदवली गेली पाहिजे. एवढे झाले तर पुढचा रस्ता कदाचित थोडा लांबचा आणि थोडा महाग होईल. पण तो ज्यांच्या अंगणातून जाईल, त्यांना विचारून गेलेला असेल, आणि नकाशा पुन्हा बदलण्याचा खर्च कोणावर पडणार नाही.